पाचशे बारा घरं

बर्नलीच्या लायब्ररीत, वरच्या मजल्यावर, मंगळवारी साडेसहाला
ऑर्मरॉडने एका जुन्या कॉम्प्युटरची डिस्क
आमच्यादेखत पुसून टाकली.
"आता आत कोणी नाही," तो म्हणाला.
आम्ही चौघं. टायरच्या दुकानातला काझिक,
दोन शाळकरी बहिणी, आणि मी,
वृद्धाश्रमाच्या लाँड्रीतून थेट आलेली,
बोटांना ब्लीचचा वास.

यंत्र जागं होतं तेव्हा त्याला काही म्हणजे काही ठाऊक नसतं.
ना फाइल, ना खिडकी, ना कोणाचं नाव.
ते डिस्कवरची पहिली पाचशे बारा घरं उचलतं,
शेवटच्या दोन घरांत ठरलेली खूण बघतं.
असेल तर म्हणतं, बरं, सांग.
नसेल तर पाठ फिरवतं.

खूण सोळाच्या हिशेबात लिहायची.
बहिणी अडखळल्या: नवाच्या पुढे अक्षरं कशी?
मला सोपं गेलं. आमची आत्या सगळं आण्यांतच मोजायची,
आणे बंद होऊन तीस वर्षं झाली तरी.
सोळा झाले की रुपया, आणि हातचा एक.
कॅरी फ्लॅग समजावायला ऑर्मरॉडने अख्खी संध्याकाळ घेतली,
मी वहीत एकच शब्द लिहिला: हातचा.

मग ती खूण. पाच पाच, ए ए.
शून्य-एकात सुटी करून मांडली:

०१०१०१०१
१०१०१०१०

आणि पेन खाली ठेवलं.
हे मी ओळखत होते.
एक धागा वर, एक खाली,
पुढच्या फेरीला खालचा वर, वरचा खाली.
इचलकरंजीत बाबा जॉबर होते त्या शेडमध्ये
चोवीस माग दिवसरात्र हे एवढंच बोलायचे.
साधी वीण. मांजरपाट.

ऑर्मरॉडला सांगितलं. तो हसला नाही.
त्याची आई याच गावच्या गिरणीत होती.
त्या खडखडाटात ऐकू काय येणार,
बायका ओठ ताणून बोलायच्या, आवाजाशिवाय.
तोही अजून तसाच,
रजिस्टर म्हणायला अख्खं तोंड वापरतो.

तीन आठवडे माझ्याकडे यंत्राची पाठ.
घरं मोजली. पुन्हा मोजली. पाचशे बाराच.
काझिकच्या पडद्यावर त्याच्या कुत्र्याचं नाव उमटलंसुद्धा.
शेवटी सापडलं: जोडी ठेवताना यंत्र धाकटं टोक आधी ठेवतं,
मी वाचतो तशी लिहिली होती, थोरलं आधी.
म्हणजे वीण उलट्या फेरीने सुरू झाली, एवढंच.
कापडाला चाललं असतं.
पहिला धागा वर की खाली, कापडाला कोण विचारतो?
यंत्राला चालत नाही.
इथवर बाबांचे माग सोबत आले होते,
इथून पुढे मी, आणि ती दोन घरं.

चौथ्या मंगळवारी उलटसुलट केलं.
पंखा घरघरला. काळा पडदा. डाव्या कोपऱ्यात, वर,
एक आडवी रेघ.
अक्षर नव्हे. चुकायला जागा कमी म्हणून तीच निवडली होती.
त्यापुढची आज्ञा: आहेस तिथेच उडी मार.
ते मारत राहिलं, सेकंदाला लाखो वेळा,
जागचं न हलता.

"वजाचं चिन्ह?" ऑर्मरॉडने नुसत्या ओठांनी विचारलं.
मी मान डोलावली.
आमच्याकडे आधी अशी रेघ ओढतात आणि तिला अक्षरं टांगतात,
हे इंग्रजीत सांगायला
नऊ दहाच्या बसआधी वेळ नव्हता.

रविवारी बाबांचा फोन. त्यांचे कान मागांनी नेले,
म्हणून मी स्वयंपाकघरातून ओरडले,
"पाचशे बारा घरं, बाबा! सगळी मी भरली!"
"मीटर किती?"
"एक रेघ."
बराच वेळ नुसता श्वास.
"सरळ आली?"
"आली."
"मग माग थांबवलास कशाला?"